नवं ३३/११ केव्ही उपकेंद्र: जागा कुठं धरायची?
हे उपकेंद्र ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) वीज ११ केव्हीवर उतरवतं. त्याच्या जागेसाठी नकाशावर तालुक्याच्या मधोमध फुली मारू नका. नवखे हमखास तिथंच चुकतात. आधी भाराचा मध्य शोधा, म्हणजे वीज जिथं जास्त खपते त्याच्या मधली जागा. उसाच्या पट्ट्यातले पंप एका बाजूला असतील तर उपकेंद्रही तिकडंच सरकायला हवं. ११ केव्ही फीडर (उपकेंद्रातून गावांकडं जाणारी लाइन) लांबला की शेवटच्या डीपीवर (गावातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज पडतं, मोटारी नुसत्या गुरगुरतात, शेवटी जळतात. करंट दुप्पट तर तारेतला लॉस (वाया जाणारी वीज) चौपट, एवढं पाठच करा.

मग जागेवर जा:
- ३३ केव्हीची लाइन कुणाकुणाच्या शेतातून येणार?
- ट्रान्सफॉर्मरचा ट्रेलर वळेल का?
- पुराचं पाणी कुठवर चढतं? (हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.)

गायरान मिळतंय म्हणून भुलू नका. लांब पडलं तर लॉस वर्षानुवर्षं सोसावा लागतो. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची जागा आत्ताच राखा. लोड-फ्लोचं (कुठल्या लाइनीवर किती वीज वाहते, व्होल्टेज किती राहतं हे काढणारं) सॉफ्टवेअर सावकाश शिकाल, सध्या फीडरवार लोडची रजिस्टरं वाचा.