घर निपाणीत, दुकान कोल्हापुरात, सर्व्हिस सेंटर बेळगावात : दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी निपाणीत घरीच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली कामे असतात. लग्नसराईत भाची मदतीला बसते. नोव्हेंबर 2024 मध्ये कोल्हापुरातील एका दुकानातून 68,000 रुपयांचा लॅपटॉप घेतला आणि दुकानदाराच्या आग्रहावरून 5,900 रुपये भरून दोन वर्षांची जादा वॉरंटीही घेतली. जुलै 2025 मध्ये एका रात्री अपडेट सुरू झाले आणि सकाळपासून पडद्यावर कंपनीच्या चिन्हापलीकडे काही येईना. बेळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप दिला. नऊ दिवसांनी फोन आला, की आत पाणी गेले आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, मदरबोर्डचे 31,400 रुपये भरा. लॅपटॉपवर पाण्याचा थेंबही सांडलेला नाही. तो अजून सर्व्हिस सेंटरमध्येच आहे. तपासणीत आतला सगळा डेटा पुसला गेला. त्याच कंपनीची क्लाउड साठवण मी बंद केली, तरी दरमहा 210 रुपये कापले जात आहेत. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सर्व्हिस सेंटरचा निर्णय अंतिम म्हणते, आणि छापील अटींत फक्त बेंगळूरुच्या न्यायालयाचा उल्लेख आहे. एका परिचितांच्या मते दहा लाखांचा दावा लावावा. बिल महाराष्ट्रातले, राहणे कर्नाटकात. मी नेमकी कुठे जाऊ?

उत्तर : आपण बेळगावला जावे. आपल्या प्रश्नात सर्वांत जास्त गोंधळ ज्या मुद्द्याचा झाला आहे, त्याचे उत्तर सुदैवाने सर्वांत स्पष्ट आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः पोटापाण्याचे काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले ते ठिकाण शोधावे लागे, आणि निपाणी-संकेश्वरकडच्या ज्या माणसांची खरेदी कोल्हापूर, गडहिंग्लजला होते त्यांना त्यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागे. आता बिल कोल्हापूरचे असले तरी आपले घर आणि काम निपाणीत आहे, एवढ्यावर बेळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला अधिकार पोहोचतो. शिवाय वॉरंटी नाकारण्याची घटनाही बेळगावातच घडली आहे. कोल्हापूरचा दुकानदार दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून त्याला वगळण्याचे कारण नाही; त्यालाही विरुद्ध पक्ष करावे.

बेंगळूरुच्या कलमाची धास्ती घेऊ नये. दिवाणी व्यवहारात दोन ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असेल, तर त्यांतले एक निवडण्याचा करार पक्षांना करता येतो, हे खरे आहे. परंतु ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क कायद्याने वेगळा आणि जादा दिलेला आहे, असे कलम 100 म्हणते, आणि ज्या मजकुरावर आपल्याला एक शब्दही बदलता आला नाही अशा छापील मजकुराच्या जोरावर निपाणीच्या ग्राहकाला बेंगळूरुला पाठवावे, हा युक्तिवाद आयोगासमोर सहसा टिकत नाही. अटींमध्ये लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचे, कलम असेल तरीही आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2018 रोजी एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात ते स्पष्ट केले आहे.

आता कंपनी जी पहिली हरकत घेईल तिच्याकडे वळतो. लॅपटॉपवर आपण पैसे घेऊन काम करता, म्हणजे तो व्यापारी कारणासाठी घेतला, म्हणून आपण ग्राहकच नाही, असे कंपनीचे वकील म्हणतील. कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येखालीच याचे उत्तर आहे : स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असे मानले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा विचार मांडताना दिलेले एक उदाहरण आपल्याला तंतोतंत लागू पडते. ते टंकलेखन यंत्राचे आहे. दुसऱ्यांचे टंकलेखन पैसे घेऊन करणारा माणूस यंत्राचा व्यापारी वापर करतो, पण तो वापर स्वतःच्या हाताने आणि पोटासाठी असेल तर तो ग्राहकच राहतो. यंत्र चालवायला एक-दोघांची मदत घेतल्याने हा दर्जा जात नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. त्यामुळे लग्नसराईत आपली भाची मदतीला बसते, हे लपवण्याची गरज नाही. 2024 मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात याच न्यायालयाने व्यापारी कारण सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथम कंपनीवर टाकली आहे. ते तिने सिद्ध केलेच, तर स्वयंरोजगार दाखवण्याचे काम आपल्याकडे येईल, म्हणून बँकेचे खातेपुस्तक, दोन-चार ग्राहकांच्या पावत्या आणि घरातूनच काम चालते असे प्रतिज्ञापत्र आतापासून तयार ठेवावे.

माझ्या मते आपल्या प्रकरणाचा कणा मात्र आपण पाठवलेल्या कागदांतील सर्वांत मळलेल्या कागदात आहे. तो म्हणजे 22 जुलैचे जॉबशीट, अर्थात लॅपटॉप ताब्यात घेताना सर्व्हिस सेंटरने दिलेला नोंदीचा कागद. त्यात तक्रारीच्या रकान्यात 'लोगोवर अडकतो' अशा अर्थाची नोंद आहे, बाह्य स्थितीच्या रकान्यात 'ओके' आहे, आणि पाण्याच्या खुणेसाठी छापलेला चौकोन मोकळा आहे. खाली शिक्का आणि घेणाऱ्याची सही आहे. म्हणजे लॅपटॉप आपल्या हातून त्यांच्या हाती गेला तेव्हा त्यांच्याच माणसाला पाण्याची खूण दिसलेली नाही. अर्थात वरून न दिसणारा ओलावा आत असू शकतो, आणि कंपनी तेच म्हणेल. परंतु वॉरंटीतून सुटका मागणाऱ्याने सुटकेचे कारण सिद्ध करावे लागते. फोनवर सांगितलेले वाक्य हा पुरावा नव्हे. आपण लेखी अहवाल, उघडलेल्या यंत्राची छायाचित्रे आणि पाणी लागल्यावर रंग बदलणाऱ्या आतल्या खूणपट्टीचे छायाचित्र मागावे. 4 ऑगस्टच्या ईमेलमध्ये कंपनीने केवळ 'निर्णय अंतिम' एवढेच लिहिले आहे. संबंधित माहिती जाणूनबुजून रोखून धरणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. प्रत्यक्ष परीक्षण झाल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम 38 खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून आता तो लॅपटॉप कोणाही ओळखीच्या कारागिराकडून उघडून पाहू नका. पंधरा मिनिटांच्या कुतूहलापायी सगळा पुरावा संशयास्पद होतो.

लॅपटॉप अजून सर्व्हिस सेंटरमध्येच आहे, असे आपण लिहिता. तो परत घ्या. घेताना त्यांच्या छापील फॉर्मवर 'ग्राहक समाधानी' असा मजकूर असण्याची शक्यता असते. सही करण्यापूर्वी त्याच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, 'दुरुस्ती न करता, पाणी गेल्याचा आरोप अमान्य करून व सर्व हक्क राखून परत घेतला.' हे मराठीत लिहिले तरी चालते. सही आणि शेरा कोणत्या भाषेत असावा, यावर सर्व्हिस सेंटरला बंधन घालता येत नाही. त्या कागदाचा फोटो तिथेच काउंटरवर काढा.

जादा वॉरंटीबद्दल इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण याच जागी चांगली प्रकरणे बिघडताना मी पाहिली आहेत. यंत्र आठव्या महिन्यात बिघडले, म्हणजे कंपनीची मूळ एक वर्षाची वॉरंटी तेव्हा चालू होती. जादा वॉरंटीची अजून गरजच पडलेली नाही. मात्र अशा योजनांत कधी कधी अपघाताने पाणी सांडण्यालाही संरक्षण असते, आणि दुकानदार सहज सुचवतो, की त्या योजनेत क्लेम टाका, काम होऊन जाईल. त्या क्लेमच्या अर्जात 'द्रव कसा सांडला' असा रकाना असतो. तो आपण एकदा भरला, की पाणी गेल्याची कबुली आपल्याच सहीने तयार होते, आणि नंतर आयोगासमोर 'पाणी गेलेच नाही' हे म्हणणे उरत नाही. आपण खात्रीने सांगता, की पाणी सांडलेले नाही. मग त्या म्हणण्यावरच उभे राहावे. योजनेचा कागद जपून ठेवा, पण आज त्याला हात लावू नका.

डेटाबद्दल मात्र आपल्याला आवडणार नाही असे उत्तर देणे मला भाग आहे. जॉबशीटच्या मागे बारीक अक्षरांत डेटाची जबाबदारी ग्राहकाची असे छापले आहे आणि त्याखाली आपली सही आहे. एकतर्फी अन्याय्य करार म्हणून अशी अट रद्द मागता येते, परंतु तो अधिकार कायद्याने जिल्हा आयोगाला नव्हे तर राज्य आयोगाला आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला दिलेला आहे. केवळ त्यासाठी वरच्या पायरीवर लढाई सुरू करावी असे मी सुचवणार नाही. जिल्हा आयोगासमोर आपण एवढेच म्हणावे, की वॉरंटी नाकारायचीच होती तर डेटा पुसण्याचे कारण काय होते, आणि पुसण्यापूर्वी एक फोनही का केला नाही. हा निष्काळजीपणाचा मुद्दा होतो आणि त्यावर माफक भरपाई मिळू शकते. सात वर्षांच्या पत्रिकांचे नमुने, मराठी-कन्नड जुळवून बसवलेली अक्षरे गेली, त्याचे दुःख मला समजते. त्याची खरी किंमत आयोगाच्या आदेशात उतरेल, अशी आशा मी आपल्याला देऊ शकत नाही.

दहा लाखांच्या दाव्याविषयी : परिचितांच्या मनात बहुधा कायद्यातील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदी असाव्यात. त्या तरतुदी सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले, अशा वेळी लागतात. खुद्द त्या वस्तूचे नुकसान आणि धंद्यातला आर्थिक तोटा यांना कायद्याने 'हानी'च्या व्याख्येतून वगळले आहे. आपला मार्ग वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी हाच आहे. विनामूल्य दुरुस्ती किंवा बदली यंत्र, ते शक्य नसल्यास 68,000 रुपये व्याजासह, मधल्या काळात भाड्याने घेतलेल्या संगणकाचा पावतीनिशी खर्च, मनस्तापाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढीच मागणी करावी. प्रत्येक आकड्याला कागद असलेली मागणी आयोगासमोर अधिक वजनदार ठरते.

तक्रारीपूर्वी तिघांनाही, म्हणजे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, दुकानदाराला आणि सर्व्हिस सेंटरला, स्पीड पोस्टाने पोच घेऊन पंधरा दिवसांची नोटीस पाठवावी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पुष्कळदा तिथेच तडजोड निघते. त्याबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करावी. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, मात्र फोन न उचलणाऱ्या कंपन्या तिच्यामार्फत आलेल्या तक्रारीला बऱ्याचदा उत्तर देतात.

आयोगात किंवा ग्राहक तक्रारींसाठीच्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार करताना वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी असा अर्ज करता येतो, त्यामुळे प्रत्येक तारखेला निपाणीहून बेळगावची बस धरावी लागेलच असे नाही. भाषेची अडचण खरी आहे आणि ती आपल्या भागातल्या अनेकांना घरीच थांबवते. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत तयार करून घ्यावी. दुकानदाराशी झालेले मराठी व्हॉट्सॲप संदेश मूळ स्वरूपात जोडून त्यांचे भाषांतर आणि ते बरोबर असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे. संदेशांच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडल्यास नंतर वाद राहत नाही. भाषांतराचा किंवा वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. तो हक्क आहे. मागताना संकोच बाळगू नये.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला 30 दिवसांत, आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी ठरवले आहे. निकाल तीन महिन्यांत, परीक्षण लागल्यास पाच महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो आणि त्याची मानसिक तयारी ठेवावी. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीने राज्य आयोगाकडे अपील केले, तर तिला आदेशाच्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागेल.

दरमहाच्या 210 रुपयांसाठी वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी आजच रद्द करावी. कार्डावरून कपात होत असेल तर बँकेला लेखी कळवावे. सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांपैकी (डार्क पॅटर्न) एक म्हणून नमूद आहे, तेव्हा रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि त्यानंतरच्या कपातीच्या नोंदी त्याच तक्रारीत जोडाव्यात.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. कंपनीचा लेखी नकार 4 ऑगस्ट 2025 चा असला तरी फोनवरचा नकार त्याआधी, 31 जुलैला आला होता, म्हणून जुलै 2027 संपण्याची वाट न पाहता नोटीस या महिन्यात पाठवा आणि त्यापूर्वी जॉबशीटच्या दोन्ही बाजूंच्या तीन रंगीत प्रती काढून मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, कारण त्यावरच्या शिक्क्याची शाई आताच पुसट होऊ लागली आहे.