महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवल्यावर दादा कायमचे बरे होतील का?

आपल्या मोठ्या भावाला महिनाभर केंद्रात ठेवायचे ठरले आहे आणि ‘तिथून ते बरे होऊनच येतील ना’ असे आपण विचारले आहे. मी लातूर जिल्ह्यातला, अकरा वर्षे दारू प्यायलेला आणि दोनदा केंद्रात राहिलेला माणूस आहे. पहिल्यांदा मी परत आलो तो कोरडा होऊन, बरा होऊन नव्हे.

दादांना भरती करण्याचा निर्णय योग्यच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरातल्या घरात एकदम बंद केली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत काहींना असा भ्रम होतो की तो जिवावर बेततो. मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती आणि मी ती रात्रभर हाताने पुसत होतो. म्हणून रात्री डॉक्टर उपलब्ध असतात का, बी-१ जीवनसत्त्व देतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा. भेट नाकारणाऱ्या किंवा मारहाणीची धमकी देणाऱ्या ठिकाणी त्यांना ठेवू नका. जवळचे केंद्र माहीत नसेल, तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येते.

माझ्या वेळी घरच्यांनी गावात ‘पुण्याला कामाला गेलाय’ असे सांगितले होते. मी परतलो आणि आठवड्याभरात वेळा अमावस्या, म्हणजे आमच्याकडचा शेतातला सण ‘येळवस’, आली. शेतातल्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि आंबिलीवर सगळे तुटून पडले, आणि बांधापलीकडे चुलतभावाने ग्लास पुढे केला: ‘येळवस हाय, एवढ्यानं काय होतंय?’ त्याला दोष कसा देऊ? त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. आमच्या घराने अब्रू राखली आणि मी पुन्हा सहा महिने प्यायलो.

दुसऱ्या खेपेला वहिनी आणि थोरले भाऊ समुपदेशकाच्या प्रत्येक कौटुंबिक बैठकीला आले, आणि मी घरी येण्याआधीच त्यांनी जवळच्या पाच-सहा घरी खरे काय ते सांगून टाकले. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या १९८६पासून चालणाऱ्या संस्थेतही कुटुंबाला उपचाराचा भाग मानले जाते, याचे कारण मला तेव्हा उमगले. संध्याकाळी सातची वेळ सर्वांत जड जायची. भाऊ त्या वेळी मला सोबत घेऊन म्हशींची धार काढायला जात. एक चूक मात्र त्यांच्याकडूनही झाली: रोज ‘तोंड उघड’ म्हणून वास घेणे. त्याने मला लपवायची सवय लागली असती. ते त्यांनी समुपदेशकाच्या सांगण्यावरून सोडले.

भाजीत गुपचूप घालायची पावडर कोणी सुचवील. ती कदापि घालू नका. त्यात डायसल्फिरामसारखे, दारूसोबत गेल्यास तीव्र त्रास देणारे औषध असेल आणि दादा ते पोटात असल्याचे नकळत त्यावर दारू प्यायले, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. ते औषध डॉक्टरांनी, रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. मध्येच दादा पुन्हा प्यायले, तर भांडण उद्यावर टाका आणि त्याच दिवशी केंद्राला फोन करा. जवळच्या गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाची, बैठक असेल, तर पहिल्या वेळी तिच्या दारापर्यंत सोबत जा.

दादांना आणायला जाल तेव्हा पाठपुराव्याची पहिली तारीख केंद्रातूनच लिहून घ्या, आणि त्या दिवशी एस.टी.त त्यांच्या शेजारी कोण बसणार, हे महिना संपण्याआधीच ठरवा.