तारायान की तारानौका?

इंदूरच्या एका वाचनगटात सध्या ताऱ्यांच्या प्रवासावरच्या विज्ञानकादंबऱ्यांवर चर्चा रंगली आहे. तिथल्या एका ताईंच्या दोन शंका आहेत: 'इंटरस्टेलर'साठी अंतरतारकीय की आंतरतारकीय? आणि 'स्टारशिप'ला सरळ अंतराळयान म्हटलं तर काय बिघडलं?

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. मराठीत आंतरतारकीय. 'परस्परांमधलं' या अर्थी आपण 'आंतर' जोडतो: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय. इंदुरात गोंधळ होतो तो हिंदीमुळे. तिथे अंतरराष्ट्रीय लिहितात, ते हिंदीत बरोबरच आहे, आणि पाट्यांवर, वर्तमानपत्रांत रोज तेच डोळ्यांखालून जातं. मराठी वाचकाला मात्र 'अंतरतारकीय' म्हटलं की आधी किलोमीटरमधलं अंतरच आठवतं.

दुसरी शंका जास्त मोलाची. पृथ्वीभोवती फिरून परत येतं तेही अंतराळयानच. ताऱ्यांचा हिशेब फार वेगळा आहे. १९७७ साली सुटलेलं 'नासा'चं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं जातंय. सूर्याचा सगळ्यांत जवळचा शेजारी तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथून यायला सव्वाचार वर्षं लागतात. या वेगानं तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील! म्हणूनच कादंबरीकार कधी वेग वाढवतात, तर कधी वाटेतच पिढ्या जन्माला घालतात. अशा वाहनाला वेगळं नाव हवंच.

'तारायान' चालेल, सुटसुटीत आहे. तरी माझं मत 'तारानौके'ला. चांद्रयान, मंगळयान या नावांमुळे 'यान' म्हटलं की आता माणूस नसलेलं यंत्रच पटकन आठवतं. शिवाय विभक्ती बघा: आपण यानात 'बसतो', पण जहाजावर 'असतो'. 'तिचा जन्म यानात झाला' हे वाक्य प्रवासात अवचित घडलेल्या प्रसंगाचं वाटतं. 'तिचा जन्म नौकेवर झाला' म्हटलं की नौका हेच तिचं गाव होतं. कप्तान, खलाशी, तांडेल, सुकाणू ही सगळी मंडळीही मग आपसूक मदतीला येतात, ती यानाबरोबर जरा अवघडूनच उभी राहतात. माणसं नसलेलं, नुसतं निरीक्षणाला धाडलेलं असेल तर मात्र तारायानच म्हणावं.

आणि ताई, अशी कादंबरी मराठीत लिहायची झालीच, तर 'आंतरतारकीय' हा शब्द निवेदनापुरताच ठेवा. पात्रांच्या तोंडी तो घालू नका. नौकेवरची आजी नातवाला 'आपण दुसऱ्या सूर्याकडे चाललोय' असंच सांगेल.