‘सहज विचारलं’ इंग्रजीत कसं लिहायचं?

प्रश्न : मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना ईमेल लिहिते. माझे प्रश्न उद्धट वाटतात असं मार्गदर्शकांनी सांगितलं, म्हणून आता प्रत्येक प्रश्नाआधी ‘जस्ट क्युरियस’ लिहिते. मसुदा सोबत जोडला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : मसुदा दोनदा वाचला. प्रयोगातल्या तापमानाबद्दलचा तुझा प्रश्न फार चांगला आहे. शोधनिबंध मन लावून वाचल्याशिवाय तो सुचत नाही. पण ‘व्हाय डिड यू नॉट’ अशी सुरुवात केली की जिज्ञासेचा जाब होतो. मार्गदर्शकांना तेच खटकलं असणार.

‘जस्ट क्युरियस’ म्हणजे आपलं ‘सहज विचारलं’. उत्तर आलं तर बरं, नाही आलं तरी चालेल, असा त्याचा सूर. मग त्याच्या पाठीमागे मानधनाचा आणि अर्जाच्या मुदतीचा प्रश्न कसा ठेवलास? ते तुला हवेच आहेत. तिथे सरळ ‘कुड यू प्लीज टेल मी’ लिही. एकाच ईमेलमध्ये चारदा ‘सहज’ म्हटलं तर ते सहज वाटतही नाही.

तुला खरं उपयोगी पडेल ते ‘आय वॉज वंडरिंग’. कुतूहल आत्ताचं आणि क्रियापद भूतकाळाचं कसं, असं वाटेल. पण मराठीत आपण ‘सर, एक विचारायचं होतं’ असंच म्हणतो ना? विचारायचं आत्ताच असतं. ‘होतं’मुळे आग्रह कमी होतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. इंग्रजीतलं ‘वॉज’ तेच काम करतं. ही नजाकत तुझ्या कानाला आधीपासून ठाऊक आहे, म्हणून घाबरू नकोस.

एक चूक मात्र फार जण करतात. ‘आय वॉज वंडरिंग’नंतर प्रश्नाची उलटी रचना येत नाही : ‘व्हाय डिड यू चूज’ नव्हे, ‘व्हाय यू चोज’. शेवटी पूर्णविराम.

आणि ‘आय हॅव अ डाउट’ काढून टाक. आपल्याकडे ते चालतं, पण परदेशी प्राध्यापकांना त्यांच्या निष्कर्षावर तुझा विश्वास नाही असं वाटू शकतं. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ पुरे.

तापमानाचा प्रश्न ईमेलच्या सुरुवातीला घे : ‘आय वॉज वंडरिंग व्हाय यू चोज द लोअर टेम्परेचर.’ त्याखाली तुला सुचलेलं कारण दोन ओळींत लिही आणि पाठवून दे.