वटवाघळाच्या आजारपणाचा जमाखर्च

प्रश्न : महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह सापडला होता ना? मग ती मरत का नाहीत? त्यांची प्रतिकारशक्ती आपल्यापेक्षा जास्त असते का? (वाई)

उत्तर : हो, मार्च 2020मध्ये तिथून घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा मिळाल्या. पण ‘जास्त’ हा शब्द मला खटकतो. पुष्कळदा विषाणूपेक्षा आपल्याच शरीराने माजवलेला दाह आपल्याला अधिक छळतो. वटवाघळांनी नेमका तोच आवरता घेतलाय. धोक्याची घंटा वाजवणारी स्टिंग आणि एनएलआरपी3 ही प्रथिनं त्यांच्यात मवाळ झालेली आढळतात. घंटा मोठ्याने वाजली की खर्च होतो, आणि उडणाऱ्या प्राण्याच्या गाठीला शिल्लक ती किती असणार!

प्रश्न : हा खर्च मोजतात कसा? रानातलं वटवाघूळ काही दवाखान्यात येत नाही. (डोंबिवली)

उत्तर : त्याला आजारी पाडत नाहीत, शरीराला नुसतं चकवतात. मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या बेटांवर मायोटिस विवेसी नावाचं वटवाघूळ दगडांच्या फटींत राहतं आणि रात्री समुद्रावरून मासे उचलतं. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. त्याला एलपीएस टोचला. हा काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातला रेणू. जिवाणू एकही आत गेलेला नसतो, पण शरीर हल्ला झाला असं समजून कामाला लागतं. मग वटवाघळाला छोट्या बंद डब्यात ठेवायचं, आत हवा खेळती ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या हवेतल्या प्राणवायूचा फरक बघत बसायचं.

2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विश्रांतीतला चयापचय 140 ते 185 टक्क्यांनी वाढला, त्वचेचं तापमान जास्तीत जास्त 2 अंशांनी चढलं. दुसऱ्या एका टोचणीने नुसती जागेवर सूज आणली. ती बरेच दिवस टिकली, पण चयापचयात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. म्हणजे सूज स्वस्त, सर्वांगाचा गजर महाग.

महाग म्हणजे किती? दिवसाला अंदाजे 6.5 किलोज्यूल. एक ग्रॅम चरबीतून साधारण 37 किलोज्यूल मिळतात, तेव्हा हे पाव ग्रॅमसुद्धा नाही. एवढंच होय, असं मलाही वाटलं होतं. पण पनामातल्या मोलोसस मोलोसस या किडे खाणाऱ्या वटवाघळांना एलपीएसचीच टोचणी दिली, तेव्हा ना ताप आला ना पांढऱ्या पेशी वाढल्या, तरी वजन जवळपास 7 टक्क्यांनी उतरलं. साठ किलोचा माणूस चार किलोंनी उतरावा तसं! आजारी जनावर अन्न टाकतं, हे गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको. जाळलेली चरबी डब्यात मोजता येते. बुडालेल्या रात्रीची कमाई त्या मापात येत नाही. माझ्या मते खरी खोट तीच.

प्रश्न : अमेरिकेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येते. तो रोग आपल्याकडे येईल का? (नाशिक)

उत्तर : ही बुरशी थंडीची. साधारण 20 अंशांच्या वर ती वाढतच नाही, म्हणून आपल्या उबदार गुहांत तिचा निभाव लागणं अवघड. तिकडे ती 2006मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा दिसली. शीतनिद्रेत वटवाघूळ अंग गार करून चरबी पुरवून पुरवून वापरतं. थोड्या थोड्या दिवसांनी जागं होऊन अंग पुन्हा तापवण्यातच हिवाळ्यातली बहुतेक चरबी संपते. बुरशी लागलेली वटवाघळं जास्त वेळा जागी होतात, आणि बाहेर किडे फिरू लागण्याआधीच त्यांची पुंजी आटते.

प्रश्न : माळ्यावर पाकोळ्या (छोटी वटवाघळं) आहेत. धूर करून घालवाव्यात का? (चिपळूण)

उत्तर : नको. भर दिवसा उठवलं की त्यांना उडावं लागतं, आणि उडण्यात विश्रांतीच्या कितीतरी पट ऊर्जा जाते. पोटाशी पिल्लू असेल तर आणखी हाल. खाली पडलेली दिसली तर मात्र उघड्या हाताने उचलू नका.