तळ्यातलं मायक्रोसिस्टिस विषारी आहे का, हे डीएनएवरून कळतं का?

तळ्यावर हिरवा तवंग आहे, सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस (सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ म्हणवणाऱ्या जिवाणूंपैकी एक) दिसतंय, मग ते विषारी आहे का हे पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो आहे का ते पाहणारी चाचणी) ठरवता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. येईल, पण जनुक योग्य निवडलं तरच.

जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात ते 16एस जनुक इथे उपयोगाचं नाही. विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस एकाच तळ्यात एकत्र वाढतात, दिसतात सारखे आणि त्यांचं 16एसही जवळपास सारखंच असतं. शोधायचा तो मायक्रोसिस्टिन हे विष बनवणारा एमसीवाय जनुकसमूह, सुमारे 55 हजार बेसजोड्यांचा (डीएनएची लांबी बेसजोड्यांत मोजतात). मी त्यातल्या एमसीवाय-ई जनुकासाठी एचईपी-एफ आणि एचईपी-आर ही प्रायमरची (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) जोडी वापरेन. जनुक असेल तर जेलवर पट्टा 472 बेसजोड्यांवर येतो. मायक्रोसिस्टिन बनवणारे प्लँक्टोथ्रिक्स आणि अ‍ॅनाबिना हे दुसरे सायनोबॅक्टेरियाही यात सापडतात. सॅक्सिटॉक्सिन किंवा सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन ही दुसरी विषं मात्र यात कळत नाहीत, त्यांची जनुकं वेगळी.

नमुना तवंगातून एक आणि हातभर खालून एक घ्या. पाणी बर्फात ठेवा, त्याच दिवशी गाळा. दाट तवंग असेल तर काही मिलिलिटरमध्येच फिल्टर तुंबतो, म्हणून किती पाणी गाळलं ते लिहून ठेवा, नाहीतर पुढे मोजणी निरर्थक होते. फिल्टर उणे 20 अंशांवर ठेवा. फॉर्मॅलिन घालू नका, डीएनए खराब होतो.

सगळ्यात जास्त घोटाळा करतो तो वसाहतींभोवतीचा बुळबुळीत थर. त्यातली बहुशर्करा डीएनएसोबत येते आणि पीसीआर अडवते. डीएनएची शुद्धता दाखवणारं 260/230 गुणोत्तर (या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचं) 1.8 च्या बरंच खाली आलं तर शंका घ्या. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा, बीएसए (पीसीआरमधला अडथळा कमी करणारं प्रथिन) घाला. सोबत सायनोबॅक्टेरियाच्या 16एसची पीसीआर लावाच: तीही अपयशी ठरली तर 'विषारी जनुक नाही' हा निष्कर्ष काढता येत नाही. मायक्रोसिस्टिसचा पीसीसी 7806 हा विषारी प्रकार होकारी नियंत्रण (जनुक नक्की असलेला तुलनेचा नमुना) म्हणून चांगला.

पट्टा आला म्हणजे विष बनवण्याची क्षमता आहे, एवढंच. जनुक बिघडलेलंही असू शकतं. विषाचं प्रमाण एलायझा किंवा एलसी-एमएस या थेट विष मोजणाऱ्या चाचण्यांनीच कळतं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दीर्घकाळासाठी लिटरला 1 मायक्रोग्रॅम आणि अल्पकाळासाठी 12 आहे. उकळल्याने हे विष जात नाही.

आणि तळ्यात मोरचूद टाकलं असेल तर आधी विषच मोजा. पेशी फुटून विष पाण्यात उतरतं, फिल्टरवर जनुक उरत नाही आणि पीसीआर फसवा नकार देते.