भुताच्या पिक्चरसाठी एफडी मोडायची का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सीएनसी शॉपमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या कारखान्यात) काम करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. हातात पगार २८ हजार, घरी आई-वडील, बँकेत २.४० लाखांची एफडी. दोस्तांना घेऊन पन्हाळ्याजवळच्या एका पडक्या वाड्यात वीस मिनिटांची भुताची शॉर्टफिल्म करायची आहे. त्यासाठी व्हीएफएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पडद्यावरची करामत करायचा, क्लास लावायचाय, फी १.६५ लाख. एफडी मोडू, की क्लासवाले म्हणतात तसे हप्ते करू?

आधी विचारा, फीमध्ये जीएसटी धरलाय का? नसेल तर १८ टक्के चढून आकडा १,९४,७०० वर जातो. एफडीत उरतात ४५ हजार. मुदतीआधी मोडली म्हणून बँक साधारण अर्धा-एक टक्का व्याज कापते, ते दुखणं किरकोळ. पण घरखर्च वीस हजार धरला तर उरलेली बेगमी सव्वादोन महिन्यांची. वडिलांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

हप्ते तर नकोच. क्लासमध्ये सही करता ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या नावावर. क्लास अर्ध्यात सोडला तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं. जीएसटीसकट पूर्ण रक्कम १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलीत, तर महिन्याला सुमारे ९,३५० रुपये. पगाराचा तिसरा हिस्सा गेला, वर जवळपास तीस हजार व्याज.

पत्र दोनदा वाचलं. नोकरी सोडून या लायनीत जायचंय असं तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे हा हौसेचा खर्च आहे, आणि हौसेला करिअरची फी कशाला भरायची? ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन हा इफेक्टचा भाग येतो, त्यात भूत आरपार दिसण्यापासून दार आपोआप उघडण्यापर्यंत बरंच काही जमतं. तुम्ही रोज मशीनवर एक्स-वाय-झेड अक्ष हाताळता. ब्लेंडरमधली थ्रीडी जागा तुम्हाला परकी वाटणार नाही.

खर्च करायचाच तर कॉम्प्युटरवर. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटला २४०. एका फ्रेमला तीन मिनिटं लागली तर रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने तयार चित्रं काढून द्यायला, बारा तास. रॅम आणि ग्राफिक्स कार्डासाठी चाळीस हजारांची मर्यादा घाला, तेही एफडीतून नाही. महिना पाच हजार बाजूला टाका, आठ महिन्यांत जमतात. तोवर आहे त्या मशीनवर पाच छोटे शॉट पुरे करा.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबुराव पेंटर यांनी याच गावात १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाच शॉट झाले आणि तरीही हेच काम करावंसं वाटलं, तर क्लासचा विषय पुन्हा काढू. तेव्हा फी परतीची अट लेखी मागा आणि आधीची मुलं कुठं कामाला लागली, त्यांच्याशी स्वतः बोला.

वाड्यावर शूटिंगला जाल तेव्हा कॅमेरा स्टँडवरून न हलवता रिकाम्या खोलीचाही शॉट घ्या, भूत आरपार करायला तो लागतोच. विसरलात तर पन्हाळ्याची दुसरी फेरी आणि सगळ्यांचं जेवण तुमच्या खिशातून.